ठाण्याच्या हवेत घरच्यांसाठी गोधडी शिवताना

घरात आईच्या किंवा सासूबाईंच्या सुती साड्यांचे गाठोडे असते, त्यांची गोधडी करावी असे मनातही असते, आणि तरीही ते गाठोडे वर्षानुवर्षे माळ्यावरच राहते. सुरुवात कुठून करावी हे सांगणारे माणूस आता प्रत्येक घरात नसते. हा लेख त्या वाचकांसाठी आहे ज्यांनी हातशिवणीचे मोठे काम पूर्वी कधी केलेले नाही, जे ठाण्यात दोन-तीन खोल्यांच्या घरात राहतात आणि ज्यांना आपल्या माणसासाठी रोज वापरता येईल अशी गोधडी शिवायची आहे.

मुद्दा प्रथमच सांगते. ठाण्यात शिवायची गोधडी पातळ आणि घरच्या घरी धुता येण्यासारखी असावी. देशावरच्या खेड्यांत कडाक्याच्या थंडीसाठी सहा-सात थरांची वाकळ शिवतात आणि तिथे ती शोभते. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या गार पहाटा, येऊरच्या पायथ्याशी जरा अधिक, इतकेच. याउलट जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत भिंतींनाही ओल येते. अशा हवेत जाड गोधडी वापरलीही जात नाही आणि वाळतही नाही. पलंगाच्या कप्प्यात तिला कुबट वास लागतो आणि शेवटी जिच्या साड्या होत्या तिच्या आठवणीसकट ती टाकून द्यावी लागते. ते टाळायचे असेल तर शिवणीच्या आधी हवेचा आणि माणसाचा विचार करावा लागतो.

१. गोधडी कोणासाठी, हे आधी ठरवा

ज्या माणसासाठी गोधडी करायची ते कुठे झोपते, त्याच्या खोलीत पंखा असतो की एसी, ते स्वतः धुणार की दुसरे कोणी, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की थर किती घ्यायचे ते आपोआप ठरते. पंख्याखाली झोपणाऱ्यासाठी वरचे दर्शनी कापड, खालचे अस्तर आणि मध्ये एक पातळ थर, असे तीन थर पुरतात. एसी लावणाऱ्या घरात गोधडी वैशाखातही लागते. तिथे चार थर घ्यावेत. नाशिक किंवा साताऱ्याकडे राहणाऱ्या आत्या-मावशीसाठी पाच-सहा थरांची केली तरी चालेल, कारण तिकडची हवा कोरडी आहे आणि अंगणही आहे.

वृद्ध माणसासाठी वजन सर्वांत महत्त्वाचे आहे. जड पांघरुणाखाली त्यांना कुशीवर वळणे कठीण जाते आणि रात्री उठताना ते पायात अडकते. म्हणून त्यांची गोधडी हलकी ठेवावी आणि लांबी पलंगाखाली लोळणार नाही इतकीच घ्यावी.

तान्ह्या बाळासाठी करायचे दुपटे साधारण तीन फूट चौरस आणि दोन किंवा तीनच थरांचे असावे. त्यावर जर, टिकल्या, मणी, गोंडे काहीही लावू नये. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा आहे की वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण घालू नये. तेव्हा दुपटे मालिशीसाठी, मांडीवर घेण्यासाठी आणि बाळ जागे असताना जमिनीवर अंथरण्यासाठी वापरावे. बारशाला दुपटे देताना ही गोष्ट बाळाच्या आईला आणि आजीला दोघींनाही सांगावी.

नवशिक्याने पहिले काम दुपट्याचेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. मोठी गोधडी अर्धी शिवून ठेवलेली घरे मी बरीच पाहिली आहेत. दुपटे मात्र पूर्ण होते आणि त्यात हात बसतो.

२. वर्षाचा क्रम पाळा

कापड धुणे, वाळवणे आणि त्याला ऊन देणे ही कामे मार्च ते मे या महिन्यांतच करावीत. शिवण पावसाळ्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, घरात बसून होते. नवरात्रापर्यंत कडा पूर्ण झाल्या तर ऑक्टोबरच्या कडक उन्हात गोधडी एकदा धुऊन वाळवता येते आणि दिवाळीत, भाऊबीजेला, ती हातात देता येते. हा क्रम उलटा केला, म्हणजे जुलैत साड्या धुवायला घेतल्या, तर कापड वरून कोरडे लागते पण घडीत दमट राहते. तसेच शिवले तर आतल्या थरात बुरशीचे काळे ठिपके उठतात आणि ते नंतर निघत नाहीत.

बाळंतपणाच्या वेळेनुसार काम करायचे असेल तर डोहाळेजेवणाच्या आधीच कापड धुऊन तयार ठेवा.

३. कापड मागणे आणि निवडणे

जुनी साडी कोणाचीही असो, कापण्यापूर्वी विचारा. हयात माणसाची असेल तर तिला विचारा. गेलेल्या माणसाची असेल तर भावंडांना विचारा. एकाच आजीची एकच आवडती साडी आणि चार नातवंडे अशी वेळ पुष्कळ घरांत येते. अशा वेळी ती साडी एका गोधडीत घालू नका. तिच्या पदराच्या आणि काठाच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक नातवंडाच्या गोधडीत एकेक पट्टी मध्यभागी दिसेल अशी लावा. बाकीचे कापड दुसरे कोणतेही चालेल. यामुळे घरात मने दुखावत नाहीत, आणि पदराची नक्षी जपलीही जाते. बाळाच्या दुपट्यासाठी गेलेल्या माणसाचे कापड वापरणे काही घरांत मान्य नसते, तर काही घरांत तोच आशीर्वाद समजतात. वाद न घालता बाळाच्या आईचे जे म्हणणे असेल ते प्रमाण मानावे.

कापड सुतीच हवे. मऊ पडलेल्या सुती साड्या, लुगडी, धोतरे, मलमलीचे पंचे, मुलांचे जुने सुती सदरे हे सगळे उपयोगी आहे. धोतर गोधडीच्या पोटात, म्हणजे मधल्या थरांत, घालण्यासाठी उत्तम, कारण ते पातळ असते आणि त्यातून सुई सहज जाते. जॉर्जेट, नायलॉन, टेरिकॉट घेऊ नका. त्यात घाम जिरत नाही आणि सुती थरावर ते सरकत राहतात. सोलापुरी चादर पोटात घालण्याचा मोह अनेकांना होतो, कारण एकाच थरात काम होईल असे वाटते. पण तिची वीण इतकी जाड असते की हाताने धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा सरळ टाका, घालणे जवळजवळ अशक्य होते, आणि धुतल्यावर ती उचलवत नाही. तयार मिळणारा कृत्रिम कापूसही नको. आपल्या हवेत तो उकडतो आणि टाके दूर असतील तर धुण्यात त्याचे गोळे होतात.

कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचे चार-पाच धागे ओढून, चिमट्यात धरून, बेसिनजवळ जाळून पाहा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून आकसतो आणि टोकाला कडक गाठ उरते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात; असे कापड अस्तराला एक वेळ चालेल, दुपट्याला नको.

दुसरी परीक्षा ताकदीची आहे. कापड खिडकीसमोर उजेडात धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. जिथे वीण विरून जाळीसारखी दिसते, विशेषतः निऱ्यांच्या आणि खोचण्याच्या जागी, तिथे कापड पहिल्या धुण्यातच फाटते. तो भाग काढून टाका किंवा वरून चौकोनी ठिगळ लावा. ठिगळ मांडणीच्या आधीच शिवून घ्यावे. थर जोडल्यावर ते सपाट बसत नाही.

घरात कापड अपुरे असेल तर विकतचे सुती कापड अस्तराला घ्यायला हरकत नाही. उल्हासनगरच्या कापडबाजारात स्वस्त मिळते, पण तिथे आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरच्या मालातही सुतीबरोबर कृत्रिम धाग्याचे कापड भरपूर असते, म्हणून वरची जाळून पाहण्याची परीक्षा नवीन कापडालाही लावा. नवे कापड धुतल्यावर आटते आणि जुने आता आटत नाही. दोन्ही एकत्र शिवायची असतील तर नवे आधी दोनदा धुऊन घेणे आवश्यक आहे, नाहीतर एका बाजूला कायमच्या चुण्या पडतात.

४. धुणे आणि वाळवणे

फॉल, जर, हुक, बटणे आणि खिसे काढून घ्या. खळ असलेली साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. गडद रंगांसाठी ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहा. रंग उतरला तर ते कापड वेगळे धुवा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असा समज आहे. त्यावर विसंबू नका. तीन-चार धुण्यांनंतरही लाल किंवा निळा रंग सुटत असेल तर ते कापड पांढऱ्या धोतराशेजारी कधीच येऊ देऊ नका.

वाळलेले कापड घडी करून सुती पिशवीत ठेवा. शिवणीला घेण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर गरम इस्त्री फिरवा. चुण्या जातात आणि पावसाळ्यात शोषलेली ओलही जाते.

५. साहित्य

• लांब, जाडसर सुई, शिवाय दोन-तीन जादा. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोके पडतात.
• अंगुस्तान, मधल्या बोटाच्या मापाचे. हे नसेल तर दुसऱ्या दिवशी बोट सुजते.
• जाड सुती दोरा. कृत्रिम दोरा मजबूत असतो, पण जुन्या विरलेल्या कापडाला सुती दोराच मानवतो.
• मेणाचा छोटा तुकडा. दोरा त्यावरून ओढला की गुंता होत नाही.
• कात्री, मोजपट्टी, खडू, टाचण्या आणि कच्च्या टाक्यासाठी, म्हणजे थर तात्पुरते जोडून ठेवण्यासाठी, कोणताही स्वस्त दोरा.
• झाकणाचा डबा, सुया मोजून ठेवण्यासाठी.

जांभळी नाक्याच्या जुन्या बाजारपेठेत शिवणाचे किरकोळ सामान पाहता येईल. दोरा घेताना हिशेब करा. पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब गोधडीला दोन-दोन सेंटिमीटरवर उभ्या ओळी घातल्या तर साधारण ७५ ओळी होतात, म्हणजे १५० मीटर शिवण. दोरा दुहेरी घेतला तर ३०० मीटरहून अधिक लागतो, वर कडांचा वेगळा. एकाच रंगाचा दोरा एकदमच घ्या; अर्ध्यावर संपला तर तीच छटा पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

६. माप आणि कापणे

साडेपाच मीटरच्या एका साडीतून पाच बाय साडेसहा फुटांचे दोन पूर्ण थर निघतात. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ११५ सेंटिमीटर असतो. साडीतून दोन-दोन मीटरचे दोन तुकडे कापा. दीड मीटरचा तुकडा उरेल. त्याच्या पन्ह्याचे तीन सारखे भाग करून ३८ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. तिसरी पट्टी तीन भागांत कापून त्यातला एकेक भाग पहिल्या दोन पट्ट्यांना जोडा, म्हणजे दोन-दोन मीटरच्या दोन पट्ट्या तयार होतील आणि एक भाग ठिगळांसाठी शिल्लक राहील. या पट्ट्या मोठ्या तुकड्यांच्या बाजूला शिवल्या की जोडांत जाणारे कापड वजा करून दीड मीटर रुंदी मिळते. चार थरांना दोन साड्या, असा सोपा हिशेब आहे. हे जोड मशीनवर घातले तर वेळ वाचतो आणि ते मजबूत राहतात. त्यात काही उणेपणा नाही.

जोड एकमेकांवर येणार नाहीत असे थर फिरवून ठेवा. तीन जोड एका रेषेत आले तर तिथे सुई अडते आणि पांघरल्यावर ती कड अंगाला टोचते.

७. मांडणी

या पायरीला घाई करू नका. गोधडी पुढे वीस धुण्यांनंतर कशी दिसेल हे इथेच ठरते.

दिवाणखान्यातला टीपॉय हलवा, फरशी पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या, पंखा बंद करा. अस्तराची उलटी बाजू वर ठेवून ते पसरा आणि चारही कोपरे कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड ताठ असावे, पण ताणलेले नसावे. ताणून चिकटवले तर सोडल्यावर आकसते. त्यावर पोटाचे थर एकेक करून घाला आणि प्रत्येक थरावरून मध्यापासून कडेकडे तळहात फिरवा. सर्वांत वर दर्शनी कापड. हे काम दोघांनी समोरासमोर बसून करावे. एकट्याने केले की एका बाजूचे कापड नकळत ओढले जाते. घरातली मुले या वेळी मदतीला घ्यावीत. आजीच्या साडीचा काठ कुठे यावा हे ठरवण्यात त्यांना मनापासून रस असतो, आणि ती गोधडी मग त्यांचीही होते.

आता कच्चा टाका. मध्यबिंदूपासून सुरुवात करून आधी अधिक चिन्हासारख्या चार ओळी आणि मग कोपऱ्यांकडे तिरक्या चार ओळी घाला. टाके बोटभर लांब चालतील. त्यानंतर वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या ओळी घाला. नवशिके बहुधा फक्त चार कडांना टाचण्या लावून पक्की शिवण सुरू करतात. मग शिवण कडेकडून आत सरकते तसे जादा कापडही आत ढकलले जाते आणि शेवटी मधोमध फुगा येतो, जो उसवल्याशिवाय जात नाही. कच्चा टाका मध्यापासून बाहेर घातला की हा त्रास होत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एका कोपऱ्यात सुई घालून पाहा. अंगुस्तानाच्या एका रेट्यात ती पलीकडे निघायला हवी. जोर करावा लागत असेल तर आत्ताच एक थर काढा.

८. धावदोरा

कच्चा टाका पूर्ण झाला की गोधडी मांडीवर घेऊन कुठेही बसता येते, त्यामुळे जागेची अडचण इथे संपते. दोरा हातभरच घ्या. गाठ वरच्या थरातून आत ओढून पोटात लपवा. सुईवर एकदम चार-पाच टाके भरा आणि मग ओढा. प्रत्येक टाका वेगळा ओढला तर ओळ वाकडी जाते आणि हातही लवकर दुखतो. टाका साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असावा आणि वर-खाली सारखाच दिसावा. प्रत्येक ओळीनंतर कापडावरून हात फिरवा; चुणी लागली तर दोरा थोडा सैल सोडा.

पारंपरिक पद्धतीत शिवण कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी आत जाते आणि ती फार देखणी दिसते. पहिल्या गोधडीला मात्र सरळ उभ्या ओळी घ्याव्यात आणि त्यांची सुरुवात मधल्या ओळीपासून करावी. ओळींतले अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा वाढवू नका. दूरच्या टाक्यांत आतले जुने कापड मोकळे राहते, धुताना ओढले जाते आणि गोळा होते. जवळचे टाके त्या विरलेल्या कापडाला आधार देतात.

पावसाळी दुपारी उजेड लवकर कमी होतो, म्हणून खिडकीशी बसा. गडद कापडावर दिव्याखाली शिवणे डोळ्यांना फार जड जाते. उठण्यापूर्वी सुया मोजून डब्यात ठेवा. सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत गोधडी कोणाच्याही अंगावर घालू नका, आणि दुपट्याच्या बाबतीत तर देण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी इंच न् इंच हाताने चाचपून पाहा.

९. कडा आणि नाव

कडांना साडीच्या काठाची पट्टी दुमडून गोट लावा. सगळ्यात आधी कडा झिजतात, म्हणून गोट दुहेरी कापडाचा असावा. कोपऱ्यांवर कापड कापू नका, घडी घाला. सगळी शिवण संपल्यावरच कच्चा दोरा उसवा. अस्तराच्या एका कोपऱ्यात साध्या टाक्याने ज्याला द्यायची त्याचे नाव, ज्यांच्या साड्या वापरल्या त्यांची नावे आणि वर्ष घाला. पुढच्या पिढीला हे कापड कोणाचे हे दुसरे कोणी सांगणार नाही.

१०. धुणे, वाळवणे, ठेवणे

सुती कापड स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक पाणी धरू शकते. दीड किलोची गोधडी भिजल्यावर चार-साडेचार किलोंची होते, ही गोष्ट लक्षात घेऊनच थर ठरवले पाहिजेत. मशीनमध्ये ती एकटीच घाला, गार पाण्यात आणि हलक्या फिरकीवर. हाताने धुतली तर पिळू नका. बादलीवर आडवी काठी ठेवून पाणी निथळू द्या. एका दोरीवर घडी घालून टाकली तर मधली घडी दिवसभर ओली राहते, म्हणून हातभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर तंबूसारखी टाका. सोसायटीची गच्ची वापरायची असेल तर आधी विचारून घ्या आणि चिमटे जास्तच लावा. मे महिन्यात दुपारचा वारा जोरात असतो.

मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, दोन्ही बाजूंना पूर्ण ऊन दाखवावे. पावसाळ्यात गोधडी धुण्याचे टाळा. गरज पडलीच तर पंख्याखाली वाळवा आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री फिरवा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बंद करू नका. जुन्या सुती चादरीत गुंडाळून, मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. डांबराच्या गोळ्या दुपट्याजवळ अजिबात नकोत. त्यांचा वास आणि अंश तान्ह्या बाळांना अपायकारक ठरू शकतो.

गोधडी देताना तिच्यासोबत त्याच साडीचा ओंजळभर उरलेला तुकडा, त्याच दोऱ्याचे अर्धे रीळ आणि एक सुई द्या. टाका सुटलेला दिसला की त्याच आठवड्यात घालायला सांगा. एक ओळ सुटली तर ती पाच मिनिटांत पुन्हा घालता येते. तशीच धुण्याला गेली तर शेजारच्या चार ओळी उसवतात.